निखळलेले कोपर : बसले म्हणजे बरे झाले का?

मंडळी, आषाढात भाटघर धरणाच्या आसपास भातलावणी सुरू झाली, की खाचरांचे बांध किती निसरडे होतात, हे तुम्हांला सांगायला नको. पाय सटकतो, माणूस तोल सावरायला हात टेकतो आणि सारा भार कोपरावर येऊन सांधा निखळतो. मग कोणी जाणता हात ओढून देतो, कट्‌ असा आवाज होतो, ठणका उतरतो. घरच्यांना वाटते, बसले एकदाचे! फसगत होते ती इथेच.

कोपर ही तीन हाडांची जोडणी आहे. वरून दंडाचे हाड येते. खालून करंगळीच्या बाजूचे हाड त्याला खोबणीत धरते आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड टेकू देते. दोन्ही बाजूंना चिवट बंध असतात. नुसते बंधच तुटले असतील, तर बसवलेला सांधा बहुधा जागेवर राहतो. पण खोबणीची पुढची कड आणि टेकूचे डोकेही मोडले, तर मात्र खीळ गेलेल्या चाकासारखी गत होते. बसवले तरी पुन्हा निसटते.

हे वरून कळत नाही. म्हणून क्ष-किरण फोटो सांधा बसवण्यापूर्वी आणि नंतर, असा दोनदा काढतात. तुकडे नीट दिसावेत म्हणून सीटी स्कॅनही करतात. मग शस्त्रक्रियेत कड जागी बसवतात, टेकूचे डोके स्क्रूने जोडतात किंवा धातूचे घालतात आणि बाहेरच्या बाजूचा बंध हाडाला पक्का करतात.

गुरुजी, शाळेत मूल पडले तर हात ओढू नका. मुलांत पुष्कळदा कोपराच्या वरचे हाड मोडते आणि दिसायला ते निखळल्यासारखेच दिसते. हात आहे तसाच जाड पुठ्ठ्यावर सैल बांधून झोळीत घ्या. बोटे गार, फिकी वा बधिर पडली, किंवा सरळ करताना असह्य कळ आली, तर क्षणाचाही उशीर नको. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.

आणखी दोन गोष्टी. तेल लावून कोपर चोळू नका. दुखावलेल्या स्नायूत नको तिथे हाड धरते आणि सांधा आखडतो. तसेच भीतीपोटी महिना-महिना हात बांधूनही ठेवू नका. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, सांगतील तेवढी हालचाल रोज करा. विळा धरायचा, घास तोंडाशी न्यायचा, तो याच कोपराच्या जोरावर.