गिटार उलटी, गाणं सुलटं

तुमच्या वर्गात कुणी डावखुरं आहे का? उजव्या हाताची कात्री चालवताना काय होतं, ते त्याला विचारा! आता अशीच एक डावखुरी मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिच्या हातात आहे उजव्या हाताची गिटार. तिनं काय केलं असेल?

सरळ उलटी धरली!

ही एलिझाबेथ कॉटन, सगळ्यांची लिबा. जन्म १८९३ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. दादा कामावर गेला की ही हळूच त्याचा बँजो काढून वाजवायची. मग लोकांच्या घरी कामं करून पैसे साठवले आणि ३ डॉलर ७५ सेंटची गिटार घेतली. शिकवायला कुणी नव्हतं. घराजवळून मालगाड्या धडधडत जायच्या. अकरा-बारा वर्षांची असताना तिनं त्यांच्यावर गाणं रचलं, ‘फ्रेट ट्रेन’. फ्रेट ट्रेन म्हणजे मालगाडीच!

आता गिटारीच्या तारा बघा. सहाही तारा लांबीला सारख्या, मग सूर वेगळे कसे? जाड तार जड असते, ती सावकाश थरथरते. सगळ्यांत जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते, म्हणून तिचा सूर खोल, खर्जातला. सगळ्यांत बारीक तार साधारण ३३० वेळा, म्हणून तिचा सूर उंच. एरवी अंगठा जाड तारांवर ठेका धरतो आणि बोटं बारीक तारांवर गाणं वाजवतात. लिबाची गिटार उलटी, म्हणून बारीक तारा वर आल्या. मग गाणं वाजवायचा अंगठा आणि ठेका धरायची बोटं!

करून बघा. टेबलावर अंगठ्यानं सावकाश ठेका धरा आणि त्याच हाताच्या बोटानं मध्ये मध्ये भरभर टिचक्या मारा. जमलं? आता अंगठ्याचं आणि बोटाचं काम बदला. बघा कशी त्रेधा उडते!

मोठेपणी संसारात आणि कामात लिबाची गिटार कित्येक वर्षं सुटली. एकदा वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात काम करताना तिला सीगर कुटुंबातली एक हरवलेली छोटी मुलगी दिसली. लिबानं तिला आईकडे पोहोचवलं. पुढे लिबा त्यांच्याच घरी कामाला लागली. ते घर गाण्यावाल्यांचं, तिथं गिटार होतीच! लिबानं ती उचलली, अर्थातच उलटी. त्या मुलीच्या भावानं, माइकनं, तिचं वाजवणं ध्वनिमुद्रित केलं. १९५८ मध्ये पहिली तबकडी निघाली तेव्हा लिबा पासष्ट वर्षांची होती. १९८५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

तिच्या या पद्धतीला आज ‘कॉटन पिकिंग’ म्हणतात. आणि गंमत बघा, उजव्या हाताचे वादक सरळ गिटार घेऊन बसतात आणि लिबाचा तो उलट्या गिटारीचा नाद आपल्या बोटांतून यावा म्हणून तासन् तास सराव करतात!