जैव ऊर्जा पिके व मृदेतील कार्बन

ज्या पिकांचे खोड, पाने, रस, बी वा तेल यांचा इंधन म्हणून किंवा इंधन तयार करण्यासाठी उपयोग होतो, त्यांना जैव ऊर्जा पिके म्हणतात. ऊस, गोड ज्वारी, मोगली एरंड (लॅ. जट्रोफा करकस, कुल-यूफोर्बिएसी) ही यांची उदाहरणे होत. मुख्य पीक काढल्यावर उरणारा कापसाच्या झाडांचा सांगाडा, म्हणजे पऱ्हाटी, हाही व्यवहारात याच वर्गात धरला जातो. असे इंधन जाळल्यावर बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड वनस्पतीने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो; त्यामुळे ते निर्दोष मानण्याचा प्रघात आहे. तथापि या हिशेबात जमीन धरलेली नसते, आणि तीच त्याची मोठी उणीव आहे.

मूर्तिजापूर (जि. अकोला) व त्याभोवतालचा वऱ्हाडचा प्रदेश हे याचे चांगले उदाहरण आहे. मुंबई–हावडा लोहमार्गावरील या गावी अचलपूर व यवतमाळ या दोन्ही बाजूंनी येणारे अरुंद मापाचे, आता बंद पडलेले, ‘शकुंतला’ रेल्वेचे फाटे मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी घातले गेले. रुई बाहेर गेली. पऱ्हाटी मात्र शेतातच राहिली व पिढ्यान्‌पिढ्या तुराट्यांसह चुलीत जळत आली. येथील जमीन काळी, चिकण व उन्हाळ्यात खोल भेगा पडणारी असून पूर्णा नदीच्या खोऱ्यात ती खारपाणपट्ट्यात मोडते. तीत सेंद्रिय कार्बन बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. चुनखडीच्या रूपात असलेला अकार्बनी कार्बन याहून वेगळा असून तो सुपीकतेचे गमक नव्हे.

अर्धा टक्का हे प्रमाण क्षुल्लक वाटते. पण एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंमी. थराचे वजन सु. १,९५० टन भरते व त्यात सु. १० टन सेंद्रिय कार्बन असतो. हे प्रमाण ०·५ वरून ०·४ टक्क्यावर आले, तर सु. २ टन कार्बन, म्हणजेच सु. ७ टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. उलटपक्षी हेक्टरी २ टन पऱ्हाटीने तितकाच दगडी कोळसा वाचला असे धरल्यास वर्षाला सु. ३ टन कार्बन डाय-ऑक्साइड टळतो. तोडणी, तुकडे करणे व वाहतूक यांचा खर्च त्यातून वजा करावा लागतो. म्हणजे जमिनीतील एवढीशी घट दोन-अडीच वर्षांची बचत खाऊन टाकते. शिवाय सेंद्रिय द्रव्याबरोबर ओल धरून ठेवण्याची शक्तीही घटते, आणि कोरडवाहू शेतकऱ्यास हा तोटा वायूंच्या हिशेबाहून अधिक जाणवतो.

मात्र शेतात टाकलेला सर्वच पाला-काडी मृदेत टिकत नाही. उष्ण हवामानात त्यातील बहुतेक कार्बन काही वर्षांत सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने पुन्हा हवेत जातो व अल्प भागच ह्यूमस होऊन राहतो. यामुळे पऱ्हाटीचे आतापर्यंत काय होत होते, हा प्रश्न निर्णायक ठरतो. ती बांधावर पेटवून दिली जात असेल, तर तिचे इंधन करण्यात निव्वळ लाभ आहे. ती चुलीसाठी वापरली जात असेल, तर कारखान्याने नेल्यावर घरच्या चुलीला बाभूळ शोधावी लागते व लाभ कागदावरच राहतो. ती बारीक करून जमिनीत गाडली जात असेल, तर नेलेल्या पऱ्हाटीची भरपाई शेणखताने करणे आवश्यक ठरते. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ च्या सुमारास सुरू झालेल्या ज्वारी–गहू क्रमाच्या दीर्घकालीन खत प्रयोगात रासायनिक खतांबरोबर शेणखत दिलेल्या वाफ्यांत सेंद्रिय कार्बन वाढला, तर खत न दिलेल्या वाफ्यांत तो सर्वांत कमी राहिला.

पऱ्हाटी शेतात ठेवण्यास कीडही आड येते. फरदड घेतल्यास व वाळलेली बोंडे राहिल्यास गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो. विदर्भात २०१७ साली तिचा मोठा उपद्रव झाला. म्हणून हंगाम संपताच शेत मोकळे करण्याचा सल्ला दिला जातो व शेतकरी काडी ओढतो. पऱ्हाटीपासून दाबीव कांड्या (व्यापारातील ‘पांढरा कोळसा’) करण्याचा धंदा या गरजेशी जुळतो. केंद्र शासनाने २०२१ मध्ये कोळशावरील वीजकेंद्रांत जैव गोळ्या मिसळण्याचे धोरण जाहीर केले. अकोला जिल्ह्यातील पारस येथे असे केंद्र आहे.

केवळ इंधनासाठी घेतलेल्या पिकाचा हिशेब अधिक कडक असतो, कारण त्याच्या खताचा सर्व भार इंधनावरच पडतो. दिलेल्या नायट्रोजनापैकी सु. १ टक्का नायट्रस ऑक्साइडाच्या रूपाने निसटतो असे सर्वसाधारणपणे धरतात. कोरड्या प्रदेशात तो निम्मा असतो. शंभर वर्षांच्या काळात या वायूची तापनक्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या २७३ पट आहे. हेक्टरी ६० किग्रॅ. नायट्रोजन दिल्यास, १ टक्का दराने, सु. २५० किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइडाइतका परिणाम होतो.

मोगली एरंडाचा पुरस्कार २००३ मध्ये योजना आयोगाच्या समितीने केला. पडीक जमिनीत त्याची मुळे कार्बन साठवतात, पण पाण्याविना बी फारच थोडे येते. गवताचे कुरण नांगरून तो लावल्यास आरंभीच तोटा होतो. गोड ज्वारी या दृष्टीने सरस आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्या रसापासून इंधन-अल्कोहॉल मिळविण्याचे काम केले. तिची तंतुमुळे दाट असतात, दाणा घरात राहतो, चोथा जनावरांना जातो व शेण शेतात परत येते.

जळाल्यावर उरणाऱ्या राखेत पोटॅश व चुना असतो; नायट्रोजन जवळजवळ नसतो. ती आम्लधर्मी जमिनीस हितकर असली, तरी मुळात अल्कधर्मी असलेल्या खारपाणपट्ट्यात टाकणे इष्ट नाही. हवा कमी ठेवून पऱ्हाटी भाजल्यास मिळणारा जैवकोळसा दीर्घकाळ कुजत नाही. मात्र तोही अल्कधर्मी असल्याने या पट्ट्यात माती परीक्षणानंतरच वापरावा लागतो.