कॉम्प्युटर अडकतोय? आधी पेज फाइल कुठे आहे ते बघा!

काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि बिल काही निघत नाही. असं होतं ना? नवीन कॉम्प्युटर घ्यायच्या आधी हे वाचा.

दुकानात जागा संपली की आपण माल गोदामात टाकतो. तसंच रॅम भरली की विंडोज काही डेटा डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ठेवतं. हीच व्हर्च्युअल मेमरी. हार्ड डिस्क म्हणजे गावाबाहेरचं गोदाम, एसएसडी म्हणजे दुकानामागची खोली. दोन्ही असतील तर फाइल एसएसडीवरच ठेवा. एकाच हार्ड डिस्कचे सी आणि डी असे भाग असतील, तर फाइल डीवर हलवून फायदा नाही; डिस्क तीच!

सर्चमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा. तिथे परफॉर्मन्सच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' आणि मग 'चेंज'. वरची ऑटोमॅटिकची खूण काढा. एसएसडी निवडून 'सिस्टिम मॅनेज्ड साइझ' करा, 'सेट' दाबा. हार्ड डिस्कला 'नो पेजिंग फाइल' करून पुन्हा 'सेट' दाबा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

फाइल सगळीकडूनच बंद मात्र करू नका. मेमरी संपली की चालू प्रोग्रॅम बंद पडतो, सेव्ह न केलेलं बिल जातं.

एवढं करूनही अडकत असेल, तर रॅम वाढवा. गोदाम कितीही जवळ असलं, तरी हाताशी असलेल्या मालाची सर त्याला नाही!