नदीकाठचे ग्रामजीवन
नदीकाठचे ग्रामजीवन : नदीच्या तीरावर वसलेल्या गावातील वस्ती, शेती, व्यवसाय, समाजरचना व लोकाचार यांवर नदीच्या सान्निध्यामुळे जो ठसा उमटतो, त्याचे वर्णन या संज्ञेने केले जाते. जगातील बहुतेक प्राचीन वस्त्या नदीकाठीच आढळतात. तथापि नदीच्या प्रकृतीनुसार त्यांचे स्वरूप भिन्न असते. मलाया द्वीपकल्पातील ‘कांपुंग’ म्हणजे खेडे बहुधा बारमाही वाहणाऱ्या नदीच्या तीरावर लांबट पसरलेले असते. तेथील पारंपरिक घरे खांबांवर उभारलेली व झावळ्यांनी शाकारलेली असत आणि नदी हाच गावाचा मुख्य रस्ता असे. महाराष्ट्राच्या पठारावरील नद्या मात्र मूलतः पावसाळी आहेत. चार महिने दुथडी भरून वाहणारी आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी नदी वाहतुकीस निरुपयोगी ठरते. त्यामुळे येथे नदी हा रस्ता नसून पाणवठा, सुपीक जमीन आणि तीर्थ होय. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील नीरा नदीकाठचे अकलूज व त्याचा परिसर हे या जीवनाचे व त्यात झालेल्या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण आहे.

वस्ती : भीमेच्या खोऱ्यातील नदीकाठची वस्ती फार जुनी आहे. घोड नदीवरील इनामगाव (जि. पुणे) येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात सु. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. पुराचे पाणी वळविण्यासाठी तेथील लोकांनी चर व बांध घातला होता. पाण्याजवळ राहावे, पण पुरापासून दूर असावे, हा वस्तीचा नियम तेव्हापासून चालत आलेला दिसतो. यास्तव गावठाण नदीच्या उंच दरडीवर असते. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून त्यांच्या मातीचे जे थर साचतात त्यांस ‘पांढर’ आणि लागवडीच्या जमिनीस ‘काळी’ म्हणतात. अकलूजचा छोटा भुईकोट किल्लाही नीरेच्या काठावरच आहे. गावाची ग्रामदेवता अकलाई होय. नदी ओलांडण्याचे उतार ज्या गावाजवळ असत, त्यास लष्करी व व्यापारी महत्त्व येई. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाची छावणी काही काळ अकलूज येथे होती.

नीरा ही भोर तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते. पुढे एका बाजूस पुणे आणि दुसऱ्या बाजूस सातारा व सोलापूर या जिल्ह्यांची सीमा होऊन ती नीरा-नरसिंगपूर येथे भीमेस मिळते. उगमाकडे प्रचंड पाऊस, तर माळशिरस भागात वर्षाकाठी सरासरी सु. ५० सेंमी.च्या आसपास पाऊस, ही या खोऱ्याची मुख्य विषमता आहे. काठावरील गावाला पावसाविना पूर पाहावा लागतो आणि पुरानंतर तहानही सोसावी लागते.

पारंपरिक जीवन : पूर ओसरल्यावर काठावर साचलेल्या गाळाच्या जमिनीस मळई म्हणतात. ती ओलावा धरून ठेवीत असल्याने रब्बीच्या पिकांस उत्तम समजली जाई. उन्हाळ्यात कोरड्या पात्रातील वाळूत खते घालून कलिंगडे व खरबुजे लावीत. काठाजवळच्या विहिरींवर मोटा चालत. परंतु बैलजोडीच्या बळावर भिजणारे क्षेत्र थोडेच असे. उन्हाळ्यात वाळूत झरा खणून पिण्याचे पाणी भरीत. वाळूतून झिरपलेले ते पाणी निर्मळ असे. पुराच्या दिवसांत नावेने किंवा भोपळ्यांच्या सांगडीवरून पलीकडे जात. गुळाच्या काहिलीचाही असा उपयोग केला जाई. कोळी व भोई मासेमारी आणि नावा चालविण्याचे काम करीत. कुंभाराची माती व परटाचा घाट नदीवरच असे.

या जीवनाचे सुखद चित्र रेखाटताना त्यातील विषमता दृष्टीआड करता येत नाही. नदी सर्वांची असली, तरी पाणवठे जातिपरत्वे वेगळे असत. सवर्णांचा घाट प्रवाहाच्या वरच्या अंगास, तर अस्पृश्य मानलेल्यांचा खालच्या अंगास, असा संकेत अनेक गावांत होता. सार्वजनिक पाण्यावरील समान हक्काचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाने ऐरणीवर आणला, त्यामागे खेड्यापाड्यांतील हाच अनुभव होता.

कालव्यांचे युग : १८७६–७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा खोऱ्यात पाटबंधाऱ्यांना चालना मिळाली. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. भाटघर येथील मोठे धरण १९२७–२८ मध्ये पुरे झाल्यावर उजव्या कालव्याचे पाणी फलटण व माळशिरस भागांत येऊ शकले. पुढे १९६५ च्या सुमारास वीर धरण झाले. पाण्यापाठोपाठ ऊस आला. सासवड भागातील माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ जमिनी घेऊन १९३२ मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली व त्यातून माळीनगर उभे राहिले. त्याच दशकात श्रीपूर येथे आणि नदीच्या उत्तरेस वालचंदनगर येथे साखर कारखाने निघाले. स्वातंत्र्योत्तर काळात शंकरराव मोहिते-पाटील (१९१९–८२) यांच्या नेतृत्वाखाली अकलूज येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याबरोबर शिक्षणसंस्था, दुग्धव्यवसाय, बाजारपेठ व दवाखाने वाढले. प्रदीर्घ काळ ग्रामपंचायतीचे गाव असलेल्या अकलूजला २०२१ मध्ये नगरपरिषद मिळाली.

या स्थित्यंतराचे मर्म असे की, गावाचे पाणी आता नदीतून नव्हे, तर धरणाच्या दरवाजातून येते. पूर्वी गाव पावसाची वाट पाही. आता ते आवर्तनाची वाट पाहते. विजेच्या पंपांनी व उपसा योजनांनी नदीचे पाणी काठापासून दूरवर नेले. ज्याच्याकडे जमीन, भांडवल व वीजजोडणी, त्याच्याकडे पाणी, अशी नवी उतरंड त्यातून तयार झाली. गळिताच्या हंगामात बीडसारख्या दुष्काळी भागांतून ऊसतोड मजूर बैलगाड्यांसह येतात व कोप्या घालून राहतात. नदीकाठच्या समृद्धीस त्यांचे श्रम कारण असले, तरी काठावरील पाण्यात त्यांचा वाटा नसतो.

अतिसिंचनाचे दुष्परिणाम फार लवकर दिसू लागले होते. कृषिरसायनतज्ज्ञ हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील खारवटलेल्या जमिनींचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला. काळ्या खोल जमिनीत पाण्याचा निचरा सावकाश होतो. पाणी अधिक दिल्यास भूजलपातळी वर येते, बाष्पीभवनाने क्षार पृष्ठभागावर साचतात व जमीन नापीक होते. चर खणून निचरा करणे व पाण्याचा बेताने वापर करणे, हेच त्यावरील उपाय होत. ठिबक सिंचनाचा प्रसार या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पूर व नदीचे आरोग्य : भीमेवरील उजनी धरण (१९८०) नीरा-भीमा संगमाच्या वरच्या अंगास आहे. त्यामुळे वीर धरणातून सोडलेले पाणी उजनीत न अडता थेट पंढरपूरकडे जाते. दोन्ही धरणांतून एकाच वेळी विसर्ग झाल्यास खालच्या गावांत पूर येतो. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत नीरा व भीमाकाठच्या गावांनी मोठी हानी सोसली. वाळूच्या बेसुमार उपशाने पात्र खोल व खडकाळ होते, झिरपण कमी होते व काठच्या विहिरी आटतात. सांडपाणी व रासायनिक खतांचा निचरा यांमुळे पूर्वीचे झरे पिण्यायोग्य राहत नाहीत. वाळू गेली, की गाळून पाणी देणारी निसर्गाची योजनाच नाहीशी होते.

लोकाचार : नदीचे धार्मिक स्थान मात्र टिकून आहे. संत तुकाराममहाराजांची पालखी आषाढी वारीस जाताना पुणे जिल्ह्याच्या हद्दीतील सराटी येथे मुक्काम करते. तेथे पादुकांना नीरास्नान घातल्यावर पूल ओलांडून ती अकलूजला सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. अकलूजला गोल रिंगण व माळीनगरला उभे रिंगण होते. एरवी नदीकडे पाठ फिरविलेले गाव त्या दिवशी पुन्हा काठावर जमते. नळ घरात आल्याने पाणवठ्याची गरज संपली आणि त्याबरोबर नदीवर रोज नजर ठेवणारा समाजही काठावरून दूर झाला. जातिभेदाचा पाणवठा मोडला, हे इष्टच झाले. पण सर्वांच्या सामाईक मालकीचा नवा पाणवठा त्या जागी उभा राहिलेला नाही. समन्यायी पाणीवाटप, वाळूउपशावर नियंत्रण व सांडपाण्याचे शुद्धीकरण यांवरच नदीकाठच्या गावांचे पुढील जीवन अवलंबून राहील.