भीमा-कोरेगाव : संख्या आणि जागा

१ जानेवारी १८१८ च्या लढाईचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु ती जिंकली कशी, हे विद्यार्थी मित्रांनी अभ्यासले पाहिजे.

आदल्या रात्री शिरूरहून निघालेल्या कॅप्टन स्टॉन्टनजवळ सुमारे ५०० पायदळ (त्यांत महार सैनिक बरेच), ३०० च्या आसपास घोडेस्वार आणि दोन तोफा होत्या. भीमेपलीकडे पेशव्यांची सुमारे २८,००० फौज, त्यांत बहुतेक घोडदळ! उघड्या माळावर निभाव लागणे अशक्य; म्हणून त्याने तडक कोरेगाव गाठले. गल्लीबोळांत नि भिंतींआड घोडा काय करणार? पेशव्यांना पुढे घालता आले ते मुख्यतः अरबांचे पायदळ, सुमारे दोन हजार. असे सांगितल्याने आपल्या वीरांचे शौर्य उणे होते, असे मला वाटत नाही. रात्रभर चालून आलेले हे शिपाई नदी जवळ असूनही पाण्यावाचून दिवसभर लढले. सुमारे २७५ जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले. जनरल स्मिथची फौज जवळ येत होती. पेशव्यांनी माघार घेतली, त्याला हेही कारण होते.

पुढे १८९० च्या दशकात, लढाऊ जमात नव्हे या सबबीवर, महारांची सैन्यभरतीच बंद झाली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली.