सातबाऱ्यावरचे मुंबईकर

राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती सर्वेक्षणाला विरोध करणारे ‘बाहेरचे’ आहेत, हे सरकारी पालुपद ऐकून कान किटले. २४ एप्रिल २०२३ ला रस्त्यावर आडव्या झालेल्या बायका बाहेरच्या होत्या? २८ तारखेला अश्रुधुरात सापडलेल्या म्हाताऱ्या कुठून आल्या? बाहेरून आले ते पोलीस, हजाराच्या वर. पण या विरोधात मुंबईकरांचा हात आहे, हे मात्र खरं. आणि तो का असू नये?

कोकणातल्या सातबाऱ्यावर सहसा एकच नाव नसतं. आजोबा जातात, वारसांची रांग लागते, वाटण्या कागदावर होतच नाहीत. सामायिक खात्यातले कित्येक हिस्सेदार गिरगाव, लालबाग, डिलाईल रोडपासून नालासोपाऱ्यापर्यंत पसरलेले. जमीन राजीखुशीने घ्यायची तर सही त्यांचीही लागते. गावाचं मुंबई मंडळ हीही जुनीच संस्था. गिरण्यांच्या काळात गावकीच्या खोलीत वळकटी टाकणारे चाकरमानी देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचं छप्पर, शिमग्याच्या पालखीचा खर्च तिथूनच उभा करत. तीच वर्गणी आणि तीच रविवारची बैठक २०१७ पासून रिफायनरीविरोधात कामी आली.

प्रकल्प वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा, ३ लाख कोटींचा. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम आणि जोडीला सौदी अरामको व अबुधाबीची तेल कंपनी. एवढ्या फौजेला मार्च २०१९ मध्ये आधीची जागा, नाणार, सोडावी लागली. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती आणि आपला मतदार कोणत्या चाळीत राहतो, हे शिवसेनेला पक्कं ठाऊक होतं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी दिल्लीला पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. त्या पत्राची आठवण काढलेली आता त्यांनाच आवडत नाही.

बारसूच्या वेळी ‘ग्रीन रिफायनरी’चा प्रचार जोरात होता. तिच्याबद्दल ऐकायचं तर राजापूरला जायची गरज नाही, परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेलं तरी पुरे. तिथल्या पर्यावरण प्रदूषण संशोधन केंद्राने २०१३ मध्ये मुंबईतल्या रिफायनऱ्यांशेजारच्या माहुल-आंबापाडा परिसरात श्वसनविकारांची पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. डोळ्यांची जळजळ आणि जीव घुसमटणं तर घरोघरचं. ही पाहणी गावकऱ्यांच्या दाव्यात राष्ट्रीय हरित लवादापुढे आली. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटींची भरपाई बसवली. सर्वांत मोठा वाटा, १४२ कोटी, टाक्यांत रसायनं साठवणाऱ्या एजिसचा. हिंदुस्तान पेट्रोलियमचा ७६.५ कोटी, भारत पेट्रोलियमचा ६७.५ कोटी. राजापूरला स्वच्छ हवेचा शब्द देणाऱ्यांपैकी हे दोघं. नवा कारखाना पन्नाशीच्या दशकातल्या माहुलपेक्षा बरा असेलही, तंत्रज्ञान सुधारलं आहेच. पण माहुलची धाप मोजली ती महापालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी. तसं केईएम राजापुरात कुठे आहे? आणि हवेची ही कीर्ती ठाऊक असतानाही तानसा जलवाहिनीलगतची गरीब कुटुंबं उठवून माहुललाच नेऊन टाकली, हेही विसरू नये.

विरोध मोडायच्या युक्त्याही कोकणाला नव्या नाहीत. कोकणात वीजप्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन कंपनीच्या एका उपाध्यक्षांनी १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीला सांगितलं होतं, की भारतात लोकांना शहाणं करण्यावर आणि प्रकल्प मार्गी लावण्यावर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. एवढं करूनही शहाण्या न झालेल्या, प्रकल्पाशेजारच्या वेलदूर गावातल्या बायकांना ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी घरांतून ओढून काढलं. बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती, असं ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात नोंदवलं. बारसूतही नेत्यांची धरपकड झाली, तालुकाबंदीच्या नोटिसा निघाल्या. ६ फेब्रुवारी २०२३ ला तर राजापूरच्या पेट्रोल पंपाजवळ रिफायनरीविरोधात लिहिणाऱ्या पत्रकार शशिकांत वारिसे यांची दुचाकी गाडीखाली चिरडली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. अटक झाली ती रिफायनरीच्या समर्थकाला, जमिनीच्या व्यवहारांतल्या.

समर्थकांचं एक म्हणणं मात्र झटकून टाकता येत नाही: गावात तरुण उरलेला नाही, घरांना कुलपं आहेत. खरं आहे. पण १९८२ च्या संपानंतर ज्यांनी गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहताना पाहिले, त्यांना रोजगाराच्या नुसत्या तोंडी आश्वासनावर गप्प बसवता येणार नाही. किती कायम नोकऱ्या, कुठल्या शिक्षणावर, त्यातल्या किती राजापूरकरांना, हे कंपनीने लिहून ग्रामसभेपुढे ठेवावं. आणि ती ग्रामसभा मे महिन्यातच घ्यावी, चाकरमानी गावात असताना.