गुडघ्यात इंजेक्शन घेण्याआधी

जीवदानी मंदिराच्या हजारावर पायऱ्या असोत की नालासोपारा स्थानकाचा जिना, झिजलेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. मग इंजेक्शनचा विषय निघतो.

स्टिरॉइड जुने आणि स्वस्त. सूज ओसरते, काही आठवडे आराम पडतो. पण अमेरिकेत 140 रुग्णांपैकी काहींना स्टिरॉइड, काहींना नुसते मिठाचे पाणी, असे दर 12 आठवड्यांनी दोन वर्षे टोचले गेले. 2017 साली निष्कर्ष आला: दुखण्यात फारसा फरक नाही, उलट स्टिरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा जास्त झिजली. म्हणून पुन्हा पुन्हा घेण्याचा आग्रह धरू नये. मधुमेह असेल तर आधी सांगाच. काही दिवस साखर वाढते.

‘जेल’, म्हणजे हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, महाग आणि बहुतेकांना नाममात्र उपयोगाचे. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था ते देऊच नये म्हणते. पीआरपीत आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट टोचतात. काही लहान चाचण्या त्याच्या बाजूने आहेत, मात्र ऑस्ट्रेलियातील 288 जणांच्या चाचणीत (2021) वर्षअखेरीस ते मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही.

‘स्टेम सेल’ने कूर्चा नवी होते, असे कुणी सांगितले तर सरळ नकार द्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गुडघ्यासाठी हा उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीपुरता मर्यादित ठेवला होता.

यांपैकी एकही इंजेक्शन मांडीच्या व्यायामाची आणि वजन उतरवण्याची जागा घेत नाही. टोचल्यानंतर गुडघा लाल होऊन सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.